हात लावायचा नाही

डोव्हरहून परत आल्यापासून एक प्रश्न आम्हां उभयतांना इतक्या वेळा विचारण्यात आला आहे, की आता समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच आमची मान आडवी हलू लागते. "काय, झाली का खाडी पोहून?" हा प्रश्न गणपतीच्या मांडवात झाला, रामबागेतल्या एका मुंजीत ऐन पंगतीत झाला, आणि दातांच्या दवाखान्यात आमच्यापैकी एकाचे तोंड उघडे असतानाही झाला. "नाही" म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि मग तो आमचे सांत्वन करू लागतो. वस्तुतः आमची कन्या इंग्लिश खाडीत हरली नाही. ती खाडीत उतरलीच नाही. जे घडले ते सगळे खाडीच्या अलीकडे, तयारीच्या तीन वर्षांत घडले. त्याची हकीगत मांडवात उभ्याउभ्या सांगता येण्याजोगी नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

कन्या सातव्या वर्षापासून पोहते. इंदूरच्या तरणतलावात तिने पुष्कळ पदके मिळवली, आणि आम्हीही इतर आईबापांप्रमाणे ती दिवाणखान्यात टांगली. खाडीचे खूळ तिच्या डोक्यात शिरले ते ग्वाल्हेरकडच्या सत्येंद्रसिंह लोहिया यांच्यामुळे. दोन्ही पायांनी अधू असलेल्या या गृहस्थांनी आणखी तिघा दिव्यांग जलतरणपटूंसह जून २०१८ मध्ये इंग्लिश खाडी पाळीपाळीने पोहून पार केली. पुढे २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंड-ग्वाल्हेरच्या भागातला माणूस तेथवर जाऊ शकतो, तर मी का नाही, हा तिचा बिनतोड सवाल. २०२१ साली, ती सतरा वर्षांची असताना, आम्ही जुलै २०२४ मधला एक आठवडा पैसे भरून राखून ठेवला. सोबतीला जाणाऱ्या परवानाधारक नावा मोजक्याच असल्यामुळे इतकी वर्षे आधी नाव नोंदवावे लागते.

खाडीचा सर्वांत अरुंद पट्टा २१ मैलांचा, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरांचा. भरती-ओहोटी पोहणाऱ्याला एकदा इकडे आणि एकदा तिकडे ओढून नेते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर पुष्कळ वाढते. परंतु अंतर ही त्यातली सोपी गोष्ट. आमच्या तलावाचे पाणी २७-२८ अंशांचे. खाडीचे हंगामात १५ ते १८ अंशांचे. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, डोक्याला एक टोपी, डोळ्यांना चष्मा. ऊब देणारे रबरी कपडे चालत नाहीत. खाणे-पिणे नावेवरून दोरीला बांधलेल्या बाटलीतून मिळते, आणि पोहणाऱ्याने नावेला अथवा नावेतल्या माणसाने पोहणाऱ्याला हात लावला, की पोहणे तेथेच संपले. शिवाय तेथे उतरू देण्यापूर्वी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवल्याचा दाखला लागतो. यातला हात लावण्याचा नियम आम्ही कागदावर वाचला आणि पुढे गेलो. तो आमच्यासाठी आहे हे तेव्हा लक्षात आले नाही.

थंडीचा आमचा पहिला हिशेब अगदी बाळबोध होता. इंदुरात डिसेंबरच्या पहाटे पारा आठ-दहावर उतरतो, आणि तशा थंडीत आम्ही कानटोपी घालून राजवाड्याकडे पोहे खायला जातो. मग १४ अंशांचे पाणी ते काय! परंतु हवेची थंडी आणि पाण्याची थंडी या एका जातीच्या नव्हेत. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. हवेत अंगाभोवती जी किंचित कोमट हवा रेंगाळते आणि आपले रक्षण करते, तसले काही पाण्यात टिकत नाही. पोहणारा तर आपल्याच हातापायांनी ते पाणी सतत बदलत असतो.

गच्चीवरची जुनी प्लास्टिकची टाकी वरून कापून आम्ही तिचा हौद केला आणि बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणू लागलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसाने विचारले, "बाबूजी, शादी किसके यहाँ है?" मुलीला बर्फात बसवायचे आहे हे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही; शादी लांबणीवर पडली आहे असे काहीसे सांगून आम्ही निघालो. पहिल्या दिवशी १४ अंशांच्या पाण्यात ती गळ्यापर्यंत उतरली, आणि तिने जो श्वास आत ओढला तो बाहेर सोडण्याचे तिला सुचेना. बारा वर्षे पोहलेली मुलगी गच्चीवरच्या टाकीत घाबरलेल्या पाखरासारखी धापा टाकू लागली. आम्ही तर तिला बाहेरच काढणार होतो. पुढे वाचनात आले, की थंड पाण्यात पडलेला मनुष्य गारठून मरतो तो नंतर. पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास ताब्यात राहत नाही आणि तोंड पाण्याखाली असताना तो आत ओढला जातो, याने पट्टीचे पोहणारेही बुडतात. यावरचा उपाय मात्र नवलाचा आहे. दोन-तीन मिनिटांचे पाच-सहा अवगाहन घेतले की हा धक्का निम्म्यावर येतो, आणि अंगाला लागलेली ही सवय कित्येक महिने टिकते. सातव्या दिवशी कन्या त्याच पाण्यात उतरली आणि तिने वर पाहून विचारले, "आज बर्फ कमी टाकलात का?" बर्फ तेवढाच होता.

या सातव्या दिवसाने आमचा घात केला. श्वास वठणीवर आला म्हणजे थंडी जिंकली, अशी आमची समजूत झाली. शरीर ऊब किती वेळ धरून ठेवील हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर मिळायला महिने लागतात. त्यात चरबीचाही मोठा वाटा असतो. लांब पल्ल्याचे पोहणारे मुद्दाम गुटगुटीत होतात, ही बातमी घरातल्या आजींच्या कानी गेली तेव्हा त्यांना झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण. ज्या मुलीने चार वर्षे तूप बाजूला सारले होते, ती आता डिंकाचा लाडू हा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून खाऊ लागली. वजन ५४ वरून ६३ किलोंवर गेले. आजींचे म्हणणे, खाडी झाली नाही तरी चालेल, एवढे राहू दे.

खुल्या पाण्याच्या सरावासाठी आम्ही महेश्वर निवडले. घरून पहाटे चारला निघायचे, मानपूरचा घाट अंधारात उतरायचा, धामणोदला चहा, आणि उजाडता उजाडता अहिल्या घाटाच्या पायऱ्यांवर. नर्मदेच्या मध्यावर बाणेश्वराचे छोटे देऊळ आहे. घाटापासून त्याला वळसा घालून परत, अशा फेऱ्या ती मारीत असे. जानेवारीत तेथे पाणी आमच्या तापमापकावर १८-१९ अंश दाखवी. डोव्हरच्या मानाने ते कोमटच म्हणायचे. परंतु नदी वाहते, वारा लागतो आणि तास वाढत जातात. नाव एका वयस्क नावाड्याची होती. त्याला आम्ही पहिल्याच दिवशी सगळे नियम समजावून सांगितले, हात लावायचा नाही हे विशेषच. तो हसून म्हणाला, "मैया सबको हाथ लगाती है साब, उसको कौन रोकेगा?"

जानेवारी २०२३ मधल्या एका रविवारी पाच तासांचे लक्ष्य ठरले होते. आभाळ भरलेले होते आणि धारेवरून बोचरा वारा येत होता. आम्ही दोघेही नावेत होतो. एकाकडे पाण्याची व खाण्याची बाटली, दुसऱ्याकडे वही. वहीत दर अर्ध्या तासाला वेळ, फेरी आणि काय पाजले याची नोंद. पहिले तीन तास उत्तम गेले. साडेतीन तासांनंतर ती जरा सावकाश झाली. आम्ही समजलो, शेवटासाठी दम राखते आहे. दर खेपेला आम्ही विचारीत होतो, "कशी आहेस?" आणि ती म्हणत होती, "बरी आहे." चार तासांना ती म्हणाली तो शब्द "बई" असा काहीसा होता. तोंडात पाणी असेल, असे आम्हांला वाटले.

नावाडी वल्हे थांबवून तिच्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "बिटिया को ऊपर ले लो साब। अब वो तैर नहीं रही, बह रही है।"

आम्ही घड्याळ पाहिले. चार तास वीस मिनिटे. आमच्यापैकी एकजण म्हणाला, चाळीसच मिनिटे राहिली आहेत. कोण म्हणाला यावर घरात अद्याप एकमत नाही, आणि खरे सांगायचे तर मनात दोघांच्याही तेच होते. नाव आणखी दहा मिनिटे चालली. मग नावाड्याने आम्हांला न विचारताच नाव तिच्या अंगाला नेऊन भिडवली. आम्ही तिचा दंड धरला तेव्हा ती हात झाडून अडखळत म्हणाली, "हात लावू नका." नियम तिने इतका अंगी बाणवला होता, की बाकी सगळे भान सुटत असताना तो मात्र शाबूत होता.

वर घेतली तेव्हा ती कुडकुडत नव्हती. हे चांगले लक्षण आहे असे आम्हांला वाटले, यावरून आमच्या ज्ञानाची कल्पना यावी. घाटावर आणून कोरडे कपडे घातले, गोधडीत गुंडाळले, आणि आम्ही दोघे तिचे हातपाय जोराने चोळू लागलो. ऊन पाण्याने अंघोळ घालावी म्हणून धर्मशाळेत धावलो, तर तेथे वीज गेलेली. त्या वेळी आम्ही वीज मंडळाला मनसोक्त शिव्या दिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी तिची अवस्था सुधारण्याऐवजी बिघडली. हुडहुडी अशी भरली, की पेला दातांवर वाजू लागला. आपण कोठे आहोत असे विचारले तर ती म्हणाली, "ग्वाल्हेरला, मावशीकडे." तीन वाजता ती नीट बोलू लागली. मधले दोन तास कसे गेले ते लिहिण्याचा प्रयत्न आम्ही तीनदा केला आणि तीनही वेळा कागद फाडला. असो.

इंदूरच्या डॉक्टरांनी नंतर सारे समजावून सांगितले. पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या आतले तापमान काही काळ उतरतच राहते, कारण बाहेरचा गारठलेला थर आतली ऊब ओढीत असतो. म्हणून खरा धोका अनेकदा घाटावर, सारे संपले असे वाटत असताना असतो. हातपाय चोळले किंवा एकदम ऊन पाणी ओतले, तर कातडीकडचे रक्त मोकळे होते, रक्तदाब घसरतो आणि मनुष्य जागच्या जागी कोसळू शकतो. ओले कपडे ताबडतोब उतरवावेत, आधी धड मग पाय असे थरावर थर चढवावेत, गोड आणि कोमट पेय घोटघोट द्यावे, वाऱ्यापासून आडोसा करावा आणि वाट पाहावी. चोळायचे नाही. आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेले, की मनुष्याची स्वतःविषयीची साक्ष ग्राह्य राहत नाही. "बरी आहे" म्हणणारी मुलगी खोटे बोलत नसते, तिला खरोखरच तसे वाटत असते. राहिले वीज मंडळ. त्या दिवशी वीज गेली म्हणूनच ती ऊन पाण्याची बादली टळली. मनातल्या मनात आम्ही त्या शिव्या परत घेतल्या.

ती वही आम्ही जपून ठेवली आहे. चार तासांच्या नोंदीपुढे आमच्याच अक्षरात लिहिले आहे : "छान चालले आहे."

त्यानंतर सहा आठवडे कन्येला पाणी बंद होते, आणि आम्हांला अभ्यास लागला. वहीचे रकाने बदलले. आता फेऱ्या शेवटच्या रकान्यात. पहिल्या रकान्यात ती मिनिटाला हात किती मारते तो आकडा. कन्या एरवी मिनिटाला ६२ ते ६४ हात मारते. हा आकडा ओसरू लागला, की कारण काहीही असो, लाल शाईने लिहायचा. दुसऱ्या रकान्यात बोटे. गारठलेल्या पोहणाऱ्याची करंगळी बाकीच्या बोटांपासून फाकू लागते आणि पंजा खेकड्याच्या नांगीसारखा होतो. तो तिला स्वतःला मिटता येत नाही. तिसऱ्या रकान्यात उत्तरे. "कशी आहेस" हा प्रश्न आमच्या घरातून कायमचा हद्दपार झाला. त्याऐवजी आजींनी तिला लहानपणी पाठ करून घेतलेली अडीचकी उपयोगी पडली. अडीच सक? पंधरा. अडीच सत्ते? साडेसतरा. उत्तर चुकले तर एकदा पुन्हा विचारायचे. दुसऱ्यांदा चुकले तर बाहेर. पुढच्या हिवाळ्यात या वहीच्या आधाराने ती नर्मदेत सहा तास पोहली, आणि ग्वाल्हेरजवळ नातेवाइकांच्या शेतातल्या सिंचनाच्या हौदात, धुक्याने भरलेल्या पहाटे, ११ अंशांत पाऊण तास.

आमच्या या हुशारीवर कन्येचा एक आक्षेप मात्र राहिला, आणि तो तिने इतिहासाच्या आधाराने मांडला. १८७५ च्या ऑगस्टात कॅप्टन मॅथ्यू वेबने पहिल्यांदा खाडी पार केली, अंगाला शिंशुकाच्या जातीच्या माशाचे तेल चोपडून, पावणेबावीस तासांत. ती कथा सर्वांना ठाऊक आहे. (शिंशुक हा मासा नव्हे असे आमचे शास्त्राचे मास्तर बजावीत, त्यांची क्षमा मागतो.) कन्येचे दैवत मात्र गरट्रूड एडरली. ही अमेरिकन मुलगी १९२५ साली प्रथम खाडीत उतरली. काही तासांनी ती पाण्यात थबकलेली दिसली, आणि प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून सोबतच्या पोहणाऱ्याने तिला हात लावला. प्रयत्न संपला. मी बुडत नव्हते, नुसती विसावा घेत होते, असे ती सांगत राहिली. पुढल्या वर्षी तिने प्रशिक्षक बदलला, वडील आणि बहीण यांना नावेवर घेतले, आणि ६ ऑगस्ट १९२६ रोजी सुमारे साडेचौदा तासांत ती पलीकडे पोहोचली. तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा जलद. "तो नावाडी एडरलीच्या नावेवर असता," कन्या आम्हांला म्हणाली, "तर त्याने तिलाही 'बह रही है' असेच म्हटले असते." यावर आम्हांला काही उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे डोव्हरला पोहोचलो. पांढऱ्या कड्यांखाली बंदराच्या भिंतींनी अडवलेले पाणी आहे. एका बाजूला फ्रान्सला जाणाऱ्या बोटी सारख्या भोंगे वाजवीत असतात, आणि एका लहानशा गोट्यांच्या किनाऱ्यावर मेपासून सप्टेंबरपर्यंत शनिवार-रविवारी खाडीचे उमेदवार जमतात. फ्रीडा स्ट्रीटर नावाच्या बाईंनी येथे कित्येक वर्षे उमेदवारांकडून तयारी करून घेतली. त्यांची कन्या ॲलिसन हिने ही खाडी ४३ वेळा पार केली आहे. किनाऱ्यावरची मदतनीस मंडळी हाताला मोजे चढवून सर्वांच्या मानेला आणि काखांना व्हॅसलिन फासतात. ते ऊब देते असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक ते केवळ खाऱ्या पाण्यात कातडे सोलवटू नये म्हणून. त्या ओळीत एक निवृत्त शिक्षिका होती, एक गवंडी होता, आणि आमच्या कन्येहून दुप्पट रुंद असे सगळेच होते. आजींचे लाडू कमी पडले हे आम्ही तेथेच ताडले.

पाणी १४ अंश. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दीड, मग दोन. पुढल्या शनिवारी चार. घाई करणे वाईट हे शिकलो होतो, आणि घाई तर होती. जुलै सरता सरता बंदराचे पाणी १६ च्या वर जाऊ लागते, आणि मग सहा तास पोहूनही दाखला मिळत नाही. शिवाय आमचा आठवडा जुलैच्या मध्यावर. म्हणजे पाणी फार थंड म्हणून भीती, आणि पुरेसे थंड उरणार नाही म्हणूनही भीती.

जूनच्या चौथ्या रविवारी तिने सहा तासांसाठी पाण्यात पाऊल टाकले. ठरावीक वेळाने पोहणारे किनाऱ्याकडे येतात, कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाकडून पेला घेतात, दोन घोटांत रिता करतात आणि परत जातात. आमच्यापैकी एकजण मांडीभर पाण्यात, दुसरा गोट्यांवर वही घेऊन. चार तासांपर्यंत ६२. पाऊण तासाने ५८. पाच तास होऊन गेल्यावर ५३, लाल शाईने. ती पेल्यासाठी आली. ओठ निळसर, करंगळी फाकलेली. "अडीच सत्ते?" ती म्हणाली, "पंधरा." पुन्हा विचारले. पुन्हा "पंधरा".

पाच तास दहा मिनिटे झाली होती. पन्नास मिनिटे राहिली होती. हात लावला, की तीन वर्षांतला हा दिवस फुकट. पुढचा शनिवार-रविवार वाऱ्याचा निघाला, तर कदाचित सगळेच फुकट. शेजारी उभी असलेली मदतनीस बाई आमच्याकडे पाहत होती. ती काहीच बोलली नाही. निर्णय आमचा होता. आम्ही कन्येचे कोपर धरले.

ती तासभर गाडीत कुडकुडत होती आणि रडत होती. ही दोन्ही लक्षणे आता आम्हांला चांगली वाटली. शुद्धीवर आल्यावर तिने जे सांगितले ते असे : तिच्या कानांत मेणाचे बोळे होते. तिला "अडीच सत्ते" ऐकू आलेच नाही. "अडीच सक" ऐकू आले, आणि अडीच सक पंधराच होतात. हात ५३ वर आले ते वारा समोरून होता म्हणून. ती पोहली असती. मग तिने आमच्याशी बोलणे सोडले. दोन दिवस त्या भाड्याच्या खोलीत तीन माणसे एकमेकांना वाट देत वावरत होती. कानांतल्या बोळ्यांचा विचार आम्ही केला नव्हता हे खरे. करंगळी फाकली होती हेही खरे. ती उरलेली पन्नास मिनिटे पोहू शकली असती की नाही, हे आता जगात कोणालाच कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच बोलली. म्हणाली, आरती साहा २७ ऑगस्ट १९५९ ला जमली नाही आणि २९ सप्टेंबरला त्याच खाडीतून पलीकडे गेली, मध्ये एकच महिना. आपल्याकडे दोन आठवडे आहेत. आणि शेवटी पुस्ती जोडली, की प्रश्न विचारताना बोटे दाखवत जा.

जुलैच्या पहिल्या रविवारी पाणी १५ अंश होते. या खेपेस पेला अधिक गोड, अधिक वेळा, आणि बोटांनी दाखवलेली अडीचकी. सहा तास झाले तेव्हा हात ५९ वर होते. दाखल्यावर सही झाली. तिने आम्हां दोघांकडे पाहून फक्त "साडेसतरा" म्हटले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. प्रत्येक नावेचा आठवडा तीन-चार पोहणाऱ्यांत क्रमाने वाटलेला असतो. आमचा क्रमांक तिसरा. तो सबंध आठवडा नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. रोज सायंकाळी दूरध्वनी येई, "उद्या नाही." एक दिवस वारा पडला, आणि तो रीतीप्रमाणे पहिल्या क्रमांकाला मिळाला. आम्ही धक्क्यावर जाऊन त्याला निरोप दिला. विमानाच्या आदल्या दिवशी आकाश इतके स्वच्छ झाले, की पलीकडचा फ्रान्सचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. समुद्र मात्र खवळलेलाच. कन्या बंदराच्या आत तासभर पोहून आली आणि म्हणाली, चला, सामान बांधू.

आता पुन्हा नाव नोंदवले आहे. जुना दाखला चालणार नाही. सहा तास नव्याने पोहावे लागतील. यंदाच्या जानेवारीत पुन्हा पहाटे चारला निघून आम्ही महेश्वरला गेलो. नावाडी तोच; त्याने तिच्याकडे पाहून विचारले, "बिटिया, वो विलायत की खाड़ी मैया से बड़ी है क्या?" ती म्हणाली, "चौड़ी है, काका."

पायऱ्या उतरण्यापूर्वी तिने वही मागून घेतली आणि आतल्या पानावर काही लिहून आमच्या हातात दिली. आम्ही वाचले : "आई-बाबांनी हात लावला तर मी पाण्यात वाद घालणार नाही. वाद कपडे घालून, चहा पिऊन झाल्यावर घालीन. आणि त्यांनी तो संपूर्ण ऐकून घ्यावा." खाली तिची सही होती, आणि दोन सह्यांची जागा सोडलेली होती.

आम्ही दोघांनी सह्या केल्या. तापमापक १८ दाखवीत होता. नावाड्याने वल्हे उचलले.